चुडामणभाऊंचा बिल्ला

कोठीच्या झाकणाची चेपलेली कड सत्तारभाई ठोकून सरळ करत होते, तेव्हा गिऱ्हाईक म्हणून आलेली म्हातारी उठली आणि भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. भिंतीवर हिरवं कापड टांगलेलं होतं आणि त्यावर निवडणुकांचे बिल्ले टोचलेले होते.

पारोळ्यात सभा कुणाचीही असो, मैदान रिकामं झालं की सत्तारभाई पायदळी आलेले बिल्ले वेचत. पत्र्याचं काम करणाऱ्या माणसाला पत्र्याचा मोह, असं त्यांची बायको जरीना म्हणायची. प्रचारवाले विचारत, चाचा, तुम्ही नक्की कोणाचे? त्यावर ते नुसते हसत. कापडावर सगळे पक्ष खांद्याला खांदा लावून होते. बिल्ल्याला ओरखडा पडला की त्याची किंमत गेली, असं जळगावच्या एका शौकिनानं सांगितल्यापासून ते कुणाला हात लावू देत नसत.

म्हातारीनं मात्र एका बिल्ल्यावर बोट ठेवलं. शिलाई मशीनची निशाणी, डोक्यावर पदर घेतलेल्या तरुण बाईचा फोटो, खाली ‘चुडामणभाऊंचे हात बळकट करा’. बाईचं नाव कुठेच नव्हतं. ती कोण, हे सत्तारभाईंनी पूर्वी बऱ्याच जणांना विचारलं होतं.

“हाई मी शे,” ती म्हणाली.

तिचं नाव कमलबाई. पंचायत समितीची जागा बायकांसाठी राखीव झाली, तेव्हा नवऱ्यानं, याच चुडामणभाऊनं, तिला उभं केलं. भाषणं तोच करायचा, ती जीपमध्ये हात जोडून बसायची. एकदाच एका गावात बायकांनी तिला खाली उतरवलं आणि पाण्याचं गाऱ्हाणं सांगितलं. तेव्हा ती बोलली, बराच वेळ बोलली. पुढे ती निवडणुकीत पडली.

“बठ्ठा बिल्ला हिरमा टाकी दिन्हा त्यास्नी,” ती म्हणाली. नवऱ्यानं विहिरीत फेकलेल्या त्या बिल्ल्यांवरचा सोडला, तर त्या वयातला तिचा दुसरा फोटो घरात नव्हता. नवरा जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

असा बिल्ला सत्तारभाईंकडे एकच होता. त्यांनी तो काढला आणि तिच्या हातावर ठेवला.

“लई जा अक्का. हाऊ तुमनाच शे.”

ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं नाही म्हणून मान हलवली.

“घर लई जाईसन काय करू? आठे बठ्ठासमां शे, आठेच ऱ्हावू दे.” कापडावर सगळ्यांमधली त्याची रिकामी जागा दाखवत म्हणाली, “फक्त मनं नाव टाकी दे येवर.”

सत्तारभाईंनी खिळा उचलला खरा, पण हात अडला. फोटोखाली जागा होती ती चुडामणभाऊंच्या नावानं भरलेली. ते खोडायचं का, असं त्यांनी विचारलं.

कमलबाईंनी हातानंच नको म्हटलं.

“मांघे टाक,” त्या म्हणाल्या.

सत्तारभाईंनी बिल्ला पालथा केला आणि कोऱ्या पत्र्यावर जपून, एकेक अक्षर कोरलं. कमलबाईंनी त्यावरून अंगठा फिरवला. मग त्यांनी स्वतःच्या हातानं बिल्ला पुन्हा कापडावर टोचला. चेहरा बाहेर, नाव आत, कापडाला लागून.