वजा एक कोटीचा कारखाना

ओफोसु सर लंडनहून परतले ते कंपनीची किंमत काढायची विद्या घेऊन. कानेशी बाजारामागे, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत दर शनिवारी ते ती शिकवत. फी आगाऊ. मी सिमेंट विकतो. भरलेली फी वसूल केल्याशिवाय उठत नाही. शेजारी देलाली आंटी बसायच्या. त्यांचा पिशवीबंद पाण्याचा कारखाना. टेमा शहरातल्या आयिटे नावाच्या व्यापाऱ्याने तो विकत घ्यायला चाळीस लाख सेडी देऊ केले होते. माणूस लुबाडतोय एवढं आंटींना कळत होतं. कितीला, ते सांगता येत नव्हतं. उत्तर मंगळवारी द्यायचं होतं.

सरांनी उदाहरणाला आंटींचाच कारखाना घेतला. रीत अशी: पुढच्या वर्षी हातात उरणारी रक्कम घ्यायची, पैसा घालणारा मागतो त्या परताव्याच्या दरातून वाढीचा दर वजा करायचा, आणि उरेल त्याने रकमेला भागायचं. रक्कम आठ लाख. वाढ वीस टक्के, कारण भावच तेवढे चढतात. परताव्याचा दर सरांनी आपल्या लंडनच्या फाइलमधून उचलला, बारा टक्के. स्प्रेडशीटमध्ये लाल अक्षरांत उत्तर आलं: वजा एक कोटी.

"म्हणजे मीच आयिटेंना एक कोटी द्यायचे?" आंटींनी विचारलं.

सरांनी वाढ पंचवीस केली. वजा बासष्ट लाख. पंधरा केली, तर वजा अडीच कोटींच्याही पुढे गेलं. मागून कुणीतरी म्हणालं, वाढच बंद करून बघा. सरांनी खरंच शून्य टाकलं, तर चक्क सदुसष्ट लाख आले. जागच्या जागी बसलेला कारखाना मोलाचा आणि धावणारा बुडीत, हे काही कुणाच्या डोक्यात शिरेना. सरांच्याही.

"सर, पहिला आकडा बरा होता," आंटी म्हणाल्या. "त्यातला तो वजा तेवढा पुसून टाका."

वजा असा पुसता येत नाही, हे समजावता समजावता सर मध्येच थांबले. वाढ आमच्या सेडीतली होती आणि लंडनच्या फाइलमधले बारा टक्के पौंडांतले. म्हणजे भाववाढ एकीकडे धरली, दुसरीकडे सोडली. सेडीत पैसा घालणारा अठ्ठावीस तरी मागणारच. त्यांनी वाढ पुन्हा वीस केली, बाराचे अठ्ठावीस केले. उत्तर आलं, एक कोटी. वजा गेला.

"मी तरी वेगळं काय म्हणत होते?"

हा योगायोग आहे, असं सर घरी जाईपर्यंत सांगत होते.

मंगळवारी आंटींनी मला सोबतीला नेलं. आयिटेंचा हिशोबनीस सरांच्याच आधीच्या तुकडीत शिकलेला निघाला. आंटींनी दिलेल्या हिशोबावरून त्यानेही कोष्टक केलं होतं. तोच लाल आकडा.

"बघा आंटी, हिशोबाने कारखाना वजा एक कोटीचा आहे," आयिटे म्हणाले. "तरी तुमच्या मानाखातर चाळीस लाख देतोय."

"वजा एक कोटीच्या वस्तूला चाळीस लाख? घरी विचारलंत का?"

आयिटेंनी हिशोबनिसाकडे पाहिलं, हिशोबनिसाने कॉम्प्युटरच्या पडद्याकडे. आंटींनी आंबवलेल्या मक्याची केंकी आणि तळलेली मासळी त्यांच्यापुढे सरकवली आणि हिशोबनिसाला बाराच्या जागी अठ्ठावीस टाकायला सांगितलं. आकडा फिरला. आंटींनी एक कोटी पाच लाख मागितले. वरचे पाच कुठून आले, हे हिशोबनीस शोधत राहिला, तोवर आयिटे सवयीने बोलून गेले, "थोडं कमी करा की."

आंटींनी पाच लाख कमी केले. सौदा झाला.

पुढच्या शनिवारी ते पाच लाख कुठल्या ओळीत घालायचे यावर वर्गात वाद झाला. सरांनी एक नवी ओळ वाढवली आणि तिला नाव काय द्यावं ते न कळून रिकामीच ठेवली. मी मागे बसून माझं दुकान कोष्टकात घातलं. सेडीतला दर, अठ्ठावीस. सिमेंटची वाढ तीस. दोन्ही सेडीतलेच, तरी लाल आकडा आला.

दुकान मला विकायचं नाहीच. पण हा आकडा बायकोला अजून सांगितलेला नाही.