शिगेचं घमेलं

मुरबाडच्या एमआयडीसीत कापड रंगवणाऱ्या एका कारखान्यात सरस्वती आणि तिच्याबरोबरच्या चार बाया बॉयलरवर कोळसा वाहायच्या. दोन हजार तीन साली मालकांनी आपण वर्षाला किती कोळसा जाळतो, किती धूर सोडतो, ते आपणहून लिहून पाठवायचं ठरवलं. अशा कारखान्यांची एक यादी होती. सक्ती कुणाची नाही; पण एकदा आकडा दिला की पुढच्या वर्षी तो उतरवून दाखवायचा.

पहिला आकडा बायांच्या डोक्यावरूनच गेला. बॉयलरवाल्या कुंडलिकने घमेलं भरून तोललं, वीस किलो भरलं. मग घमेल्यामागे भिंतीवर खडूची एक रेघ. दिवसाला दोनशे रेघा, म्हणजे चार टन.

पुढच्या वर्षी कल्याणहून प्रणय नावाचा तरुण इंजिनीयर आला. त्याने वाफेच्या नळांना जाड वेष्टण घातलं, गटारात जाणारं गरम पाणी परत बॉयलरात फिरवलं आणि रेघा बंद करून वजनकाटा बसवला. आता कोळसा उतरणार म्हणून सगळे वाट बघत बसले, आणि काट्याने दिवसाला चार टन चारशे किलो दाखवले.

एवढं करून कोळसा वाढतो, म्हणजे तो बॉयलरात जात नाही, बायांच्या चुलीत जातो, असं मॅनेजरसाहेबांनी ठरवून टाकलं. शोधाशोध कशाला करायची? सोमवारपासून दुसरी टोळी. सरस्वतीच्या अंगाची लाही झाली. काम गेलं तर भाताची लावणी होती, हात होते; पण चोर म्हणून गावात कोणत्या तोंडाने शिरायचं?

शनिवारी कुंडलिक काटा तपासत होता. त्याने घमेलं भरलं आणि वरून तळहात फिरवून सपाट केलं. सरस्वती बघतच राहिली. कुंडलिक पिढीजात दुकानदारांच्या घरातला. त्याचा हात मापावर फिरणारच. पण तिच्या खळ्यावर पायली कधी सपाट भरत नसत. काठाच्या वर निमुळती रास, म्हणजे शीग, यायलाच हवी. शीग मोडली की घरची बरकत जाते, असं सासूने पहिल्याच वर्षी बजावलं होतं. भात काय नि कोळसा काय, बायांचं घमेलं शिगेचंच होतं; वीस किलो भरलं होतं ते कुंडलिकचं सपाट घमेलं.

तिने सरळ साहेबांच्या खोलीत जाऊन हे सांगितलं. साहेब हसले. आता काय, तुम्ही हवं तेवढं भरून दाखवाल, म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं.

"मंग आमी नाय भरत," सरस्वती म्हणाली. "वैशाखरे गावची मैना काटा यायच्या आदी काम सोडून गेली. तिला आना. का बोलावलंय ते सांगू नका. आमी फाटकाबाहेर उभ्या राहतो."

प्रणय मोटरसायकलवरून मैनाला घेऊन आला. कशाला, ते तिलाही कळेना. दहा घमेली भर, एवढंच तिला सांगितलं. तिने भरली. एका घमेल्यावरून ढेकूळ घरंगळलं, तर तिने ते उचलून पुन्हा शिगेवर ठेवलं. दहा घमेली काट्यावर चढली आणि दोनशे बावन्न किलो भरली.

प्रणयने तिथेच हिशेब मांडला. गेल्या वर्षी दिवसाला चार नाही, पाच टन जळत होते. कोळसा वाढला नव्हता, चांगला सहाशे किलो उतरला होता. साहेबांचा चेहरा उतरला तो वेगळ्याच कारणाने. बायांनी कामावर यावं, म्हणाले. पण गेल्या वर्षीचा कागद आता कशाला उकरायचा? जास्त धूर सोडला होता, हे आपल्याच हाताने लिहायचं? विचारणारं तर कुणीच नाही.

"मी इचारतेय," सरस्वती म्हणाली. "कागद खोटा ठेवलात तर चोरी आमच्याच नावावर राहील. आनि धूर आमच्याच शेतावरून गेलाय, साहेब. गेला तेवढा लिवा."

साहेबांनी कपाटातून गेल्या वर्षीचा कागद काढला. मग तो प्रणयकडे सरकवला. प्रणयने घमेल्यामागचे वीस किलो खोडून पंचवीस केले. खोडलं की शेजारी सही लागते, म्हणून त्याने पेन उघडलं आणि सरस्वतीपुढे धरलं. साक्षरता वर्गात शिकलेली नावाची चार अक्षरं तिने सावकाश काढली. साहेबांनी विचारलं, यापुढे तरी घमेलं सपाट भराल ना?

"नाय," ती म्हणाली. "काटा हाय ना. तुमी तोला. शीग आमी मोडनार नाय."