गळक्या काचपेटीतले दवबिंदू

मित्रांनो, मी एक जुनी, एका कोपऱ्यात गळणारी काचपेटी आहे. पडेगावात, दौलताबादच्या रस्त्यालगतच्या एका लहानशा घरात, खिडकीच्या कट्ट्यावर माझा मुक्काम असतो. गळते म्हणून मला नावं ठेवणारे पुष्कळ झाले. पण उभ्या आयुष्यात मला जो काही मान मिळाला, तो त्या गळक्या कोपऱ्यामुळेच मिळाला.

शहागंजात फकिरा नावाच्या कारागिरानं माझ्या काचा कापल्या आणि मला जोडलं. मला विकत घेतलं मल्हाररावांनी, लेकीच्या हट्टापायी. मल्हारराव पिढीजात मेंढरं राखणारे. कळप विकून ते वाळूजच्या एका कंपनीत रखवालदार झाले होते. त्यांची लेक बानू तेव्हा एवढीशी होती. माझ्यात सोनेरी मासे सोडले, तेव्हा ती नाक काचेला लावून तासन् तास बघत बसायची. तो काळ माझ्या सुखाचा होता. पण आमच्याकडचं पाणी पडलं जड. माझ्या अंगावर पांढरे पट्टे उमटले, मासे काही टिकले नाहीत, आणि पुढे माझा एक सांधाच सुटला. माझी रवानगी गच्चीवर झाली. माझ्यात कांदे ठेवले गेले, मग तुटक्या चपला. बानूची आई पुतळाबाई गेली ती त्याच दिवसांत. त्या घरात हसणंच कमी झालं, तिथं माझी कुणाला आठवण येणार? उन्हात तापत मी एकच इच्छा करायची, की त्या पोरीनं पुन्हा एकदा माझ्या काचेला नाक लावावं.

ती आली खरी, पण चांगली मोठी होऊन. कॉलेजातल्या कोकणच्या मैत्रिणीनं तिला कागदाच्या पुडीत बी दिलं होतं. खसखसही जाड वाटावी इतकं बारीक. ते होतं दवबिंदू नावाच्या झाडाचं. त्याच्या पानांवर चिकट थेंब चमकतात, त्यांना किडा चिकटतो आणि झाड त्याला पचवतं. बानूनं मला घासूनपुसून लख्ख केलं. नारळाचा भुसा पुन्हा पुन्हा धुऊन त्यातला खार काढला, त्यात धुतलेली वाळू मिसळली आणि बी वरच्यावर भुरभुरलं. मला खिडकीच्या कट्ट्यावर पाण्याच्या परातीत ठेवलं, की गळक्या कोपऱ्यातून ओल आपोआप वर चढायची. काही आठवड्यांनी मोहरीएवढी लाल रोपं दिसू लागली. एका चिलटाला पहिल्या पानानं धरलं, तेव्हा बानू वाकली आणि तिचं नाक माझ्या काचेला टेकलं. मित्रांनो, मला काय वाटलं ते मी सांगू शकत नाही.

पण लेकी घरात राहायला थोड्याच येतात? बानूला रत्नागिरीला शिक्षिकेची नोकरी लागली. निघताना तिनं वडिलांना बजावलं, "आबा, साठवलेलं पावसाचं पाणी द्या. संपलं तर बॅटरीत घालतात ते आणा. नळाचं नको. आन् खत तर अजिबात नको."

"व्हय व्हय," मल्हारराव म्हणाले.

दर रविवारी तिचा फोन यायचा. मल्हारराव माझ्यापाशी उभे राहून बोलायचे. पोरीची आठवण येते, हे काही त्यांच्या तोंडून निघायचं नाही. मग झाडांचंच बोलणं व्हायचं. फोन ठेवल्यावर मात्र ते मला सांगत बसायचे. एकट्या माणसाला ऐकायला काचही चालते.

आता बघा, ज्यांच्या मेंढ्या खतासाठी रानात बसवायला शेतकरी धान्य देऊन बोलवायचे, त्या घरच्या माणसाला 'खत नको' हे कसं पटावं? एकदा पाचोडच्या बाजाराहून येताना त्यांनी पिशवीभर लेंडीखत आणलं. "पोरीनं लावलेली लेकरं हायत, उपाशी ठिऊ व्हय?" असं म्हणत त्यांनी ते चुरून मायेनं रोपांभोवती पसरलं. मी ओरडले असते, पण काचेला कुठला आलाय आवाज? आधी पानांवरचे थेंब गेले, मग पानं काळी पडली. लेंड्यांत गवताचं बी असतंच. दवबिंदूंच्या जागी गवत तरारून आलं.

मल्हाररावांना काय ते गवत ओळखू येत नव्हतं? डोळे मिटून नुसत्या वासावर त्यांनी त्याचं नाव सांगितलं असतं. त्यांनी माझ्या कडेवर हात ठेवला. मग पुटपुटले, "झाडं मेली म्हणलं तर पोर यील कशाला?"

त्या रविवारी बानूनं विचारलं, "झाडं कशी हायत, आबा?"

"लई झ्याक."

पुढच्या रविवारी झाडं दुप्पट झाली होती. त्याच्या पुढच्या रविवारी वीतभर. थापेला थाप लागत गेली. आणि तरीही ते गवताला न चुकता बॅटरीचं पाणी द्यायचे, कारण लेकीनं तसं सांगितलं होतं. 

"दसऱ्याला येते," बानू म्हणाली. मल्हाररावांच्या तोंडचं पाणी पळालं. ती आली त्या सकाळी त्यांनी मला धोतराच्या फडक्यानं झाकून ठेवलं होतं. बानूनं पायातल्या चपला काढल्या, पिशवी खाली ठेवली आणि सरळ येऊन फडकं उचललं.

"आबा, हे तर मारवेल गवत हाय."

मल्हारराव जमिनीकडे बघत म्हणाले, "लेंडीखत घातलं. उपाशी दिसली मला."

"मला ठाव होतं. दवबिंदू कुठं वीतभर वाढत्यात, आबा?"

"ठाव होतं, तर मग आलीस कशाला? बघायला काय ऱ्हायलं हितं?"

बानूचा आवाज खाली आला. "तुम्ही ऱ्हायलात की."

मल्हाररावांनी तोंड माझ्याकडे वळवलं. त्यांचे डोळे मला दिसले, तिला दिसले नाहीत.

दोघांनी मिळून मला रिकामं केलं. नवा भुसा धुतला, पुडीत उरलेलं बी पेरलं. या वेळी बी भुरभुरलं ते मल्हाररावांनी. अधूनमधून ते विचारत होते, "हे चालंल का? ते चालंल का?" सुट्टी संपली, आणि निघताना एकदा माझ्या काचेला नाक लावून बानू गेली. तिच्या नाकाचा ठसा माझ्या काचेवर अजून आहे. तो पुसायला मल्हाररावांचा हात धजत नाही.

मित्रांनो, ज्याला जीव लावाल, त्याला काय मानवतं ते आधी विचारा. आपल्याला जे उत्तम वाटतं, त्यानं दुसऱ्याचं मूळ कुजू शकतं. आणि कुणी आपलं माणूस वाट पाहत असेल, तर निमित्त शोधत बसू नका.

नव्या बियांतून अजून काही वर आलेलं नाही. परवाच्या रविवारी फोन आला, तेव्हा मल्हारराव माझ्यापाशीच उभे होते. ते म्हणाले, "काय बी उगवलं नाय, बानू. तू ये."