कोपऱ्यातला y

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फळा आहे. एका शाळेने टाकून दिलं, तेव्हा अंबुजाअक्कांनी मला चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या या फ्लॅटमध्ये आणलं, काळा रंग दिला आणि शिकवणी सुरू केली. तेव्हा माझं कौतुक फार. आता रंग उडालाय, मुलं मोबाईलकडेच जास्त बघतात.

माझ्या उजव्या कोपऱ्याला मात्र अजून मान आहे. x⁴ − 13x² + 36 असं दांडगं काही आलं, की अक्का x² च्या जागी y बसवतात. मग उरतं y² − 13y + 36. ते कोणीही अवयवांत फोडतं. y हा पाहुणा, त्या म्हणतात, त्याला घरी पोचवलं की काम झालं. पत्ता म्हणून कोपऱ्यात y = x² लिहायचं, आणि तोवर पुसायचं नाही.

शिकवणीतली हरिणी दहावीत, सहामाहीत गणितात नापास. फेरपरीक्षाही गेली तर शाळा तिला अकरावीला मॅथ्स ग्रुप, म्हणजे गणिताची शाखा, देणार नव्हती.

त्यात सरस्वतीपूजा आली. त्या दिवशी आमच्याकडे अक्षर लिहायचं नाही. अक्कांच्या यजमानांनी, विजयेंद्रांनी, मला पुसून पुस्तकांशेजारी उभं केलं आणि भक्तिभावाने गंधाचा जाड पट्टा ओढला. नेमका कोपऱ्यावर.

विजयादशमीला हरिणी तेच तेरा-छत्तीसचं गणित मांडायला आली. गंधावर खडू उठेना, पुसायला मन धजेना, म्हणून पत्ता लिहायचाच राहिला. (y − 4)(y − 9) छान आलं. मग तिने लिहिलं, (x − 4)(x − 9).

"चौथा घात आत गेला, बाहेर दुसराच आला की," अक्का म्हणाल्या.

"y कोण होता तेच विसरले, अक्का."

"उत्तरपत्रिकेलाही कोपरा असतो, बाळे."

फेरपरीक्षा देऊन ती थेट इथे आली. तिथलं गणित माझ्यावर मांडलं: x⁴ − 10x² + 9. कोपऱ्यातला पत्ता गंधाच्या पट्ट्याच्या खालच्या बाजूला लिहिला. (x² − 1)(x² − 9) लिहून खडू खाली ठेवला.

"पुढे?" अक्कांनी विचारलं.

"पाहुणा पोचला की. तुम्हीच म्हणालात, काम झालं."

अक्कांनीच खडू उचलला आणि खाली लिहिलं, (x − 1)(x + 1)(x − 3)(x + 3). हरिणीने पेपरातही त्याच्या आधीच्याच ओळीवर थांबवलं होतं.

निकाल अजून लागलेला नाही. मला कोणी पुसलेलंही नाही. मित्रांनो, पाहुण्याला दाराशी सोडून परतू नका. आत डोकावा, तिथेही काही फोडायचं राहिलेलं असतं. आणि मला पुसाल तेव्हा कोपरा शेवटी पुसा.