पाचवी फेरी

गुरुवार होता, म्हणून फिनलंडच्या औलू शहरातल्या इतर घरांसारखं सायमाच्या घरीही वाटाण्याचं सूप होतं. नवरा एन्सिओ त्यात मोहरीची चटणी ढवळत होता. सायमा प्रोग्रॅमर, वय त्रेपन्न. दोन वर्षं घरी बसून. तिच्या अर्जाला उत्तर देणारी शहरात एकच कंपनी उरली होती, आणि आज तिथली मुलाखतीची चौथी फेरी झाली होती.

"कशी झाली?"

"झाड उलटं करायला लावलं. फळ्यावर आकड्यांचं झाड काढायचं आणि ते उलटं करायचं. कोपऱ्यात एक बाई बसून सगळं लिहून घेत होती."

"नोकरीत रोज करावं लागतं हे?"

"इतक्या वर्षांत एकदाही नाही."

"अगं, मग मुलाखत घेणाऱ्याला तरी येत होतं का?"

"आर्वो नाव त्याचं. गुणी पोरगा. निघताना मी विचारलं, इथे किती वर्षं आहेस? म्हणाला, मी कुठला इथला! माझी पाचवी फेरी चालू आहे. पाचवीत मुलाखत घ्यायची असते."

एन्सिओचा चमचा थांबला. "आणि ती कोपऱ्यात बसून लिहिणारी बाई?"

"तिची सहावी."

"मग कंपनीत आहे कोण?"

"ते म्हणे दहाव्या फेरीत कळतं."

ही प्रथा कुणी सुरू केली ते कुणालाच ठाऊक नाही. माणूस पारखून घेण्यात गैर काय, असं म्हणत ती आली आणि राहिली. दुसऱ्या फेरीसाठी सायमाने घरी बसून फुकट लिहिलेला प्रोग्रॅम एका दंतवैद्याकडे चालू झाला होता. त्याच प्रोग्रॅमने तिला दाढ काढायची वेळ दिली. चालत मात्र झकास होता.

"सोमवारी पाचव्या फेरीला जाऊ नकोस," एन्सिओ म्हणाला. "लोक हसतील."

"हसत नाहीत रे. 'फेऱ्या चालू आहेत' म्हटलं की मान डोलावतात. 'घरीच असते' म्हटलं की हवापाण्याबद्दल बोलू लागतात."

पण सायमाने मनाशी ठरवलं: सोमवारी समोर जो बसेल त्याला खरं सांगायचं आणि घरी पाठवायचं. कुणीतरी ही साखळी तोडायलाच हवी होती.

सोमवारी समोर रेइयो बसला. साठीला टेकलेला, कडक इस्त्रीचा शर्ट. कोपऱ्यात वही घेऊन आता आर्वो होता.

"रेइयो, ऐका," सायमा म्हणाली. "इथे नोकरी नाही. कधीच नव्हती. तुम्ही घरी जा."

"ठाऊक आहे बाई. मी दुसऱ्यांदा आलोय. मागच्या वेळी नवव्या फेरीत पडलो."

"मग पुन्हा का आलात?"

रेइयोने मांडीवरच्या पिशवीवरून हात फिरवला. "आज सकाळी बायकोने डबा दिला. कधीपासून दिला नव्हता. राय धान्याची भाकरी, वर काकडी. म्हणाली, कामाला निघालात ना?" त्याने पिशवी बाजूला ठेवली. "विचारा की झाडाचं."

आर्वोने हळूच विचारलं, "हे लिहू का?"

"नको," सायमा म्हणाली. तिने खडू उचलला आणि झाड काढलं. रेइयोने ते बिनचूक उलटं केलं. "शाब्बास," ती म्हणाली, आणि तो माणूस कानापर्यंत लाल झाला.

ज्याला काम नाही त्याला डबा देऊ नये, असा कायदा कुठल्याही देशात नाही. तरी तो घरोघर पाळला जातो. वाचकहो, तुमच्या घरी तो कोण पाळतं, ते आज जेवताना बघा.