देवाला वाहिलेला फास

मित्रांनो, मी एक जुना फास आहे आणि मला देवाला वाहण्यात आलं आहे. आता हे वाक्य विसरून जा. असं काही घडलेलंच नाही, असं समजा. मी अजून तुरीच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तोंड उघडून बसलेलो आहे.

माझा जन्म मोटारसायकलची क्लच वायर म्हणून झाला. कनेरगाव नाक्याच्या एका मेकॅनिकने मला खेमा नावाच्या शेतकऱ्याच्या गाडीत बसवलं. सहा वर्षं मी गिअर बदलायला मदत केली. या कामात कौतुक नसतं. क्लच काय सुंदर होता, असं म्हणत कोणी गाडीवरून उतरत नाही. पुढे गाडी भंगारात गेली. भंगारवाल्याने आरसेसुद्धा नेले, मला मात्र खेमाने ठेवून घेतलं. "ही तार लई कामाची हाय," तो म्हणाला. आयुष्यातली पहिली शाबासकी! मी इतका फुगलो की काम कसलं, हे विचारायचं राहूनच गेलं.

त्याने मला गोल वळवलं, एक टोक बाभळीच्या खुंटीला बांधलं आणि मी फास झालो. फासाला काहीच करावं लागत नाही. जनावर स्वतःच आत येतं, स्वतःच ओढतं, आणि जितकं ओढेल तितका मी आवळतो. मी ससे धरले, तितर धरले. एकदा खेमाच्या बायकोची, भिकाबाईची, शेळी धरली. ससा सापडला की खेमा म्हणायचा, देवाची कृपा. शेळी सापडली तेव्हा भिकाबाई म्हणाली, पाप. मी तर दोन्ही वेळा सारखाच आवळलो होतो.

हे घर येशूला मानणारं. तांड्यात पत्र्याचं प्रार्थनाघर आहे. घरात ताट समोर आलं की आधी डोळे मिटून आभार मानायचे. वांगी असली की प्रार्थना लांब, ससा असला की आखूड.

पीक निघालं की प्रार्थनाघरात आभाराचा सण असतो. ज्याने जे पिकवलं, त्यातलं पहिलं त्याने देवापुढे ठेवायचं. यंदा खेमाचं सोयाबीन रानडुकरांनी खाल्लं. गेल्या वर्षी सर्वांत मोठं पोतं त्याचं होतं, आणि यंदा सगळ्यांसमोर रिकाम्या हाताने उभं राहायचं? नेमका त्याच रविवारी पहाटे माझ्यात एक ससा सापडला. मागच्या पायाने, जिवंत. खेमाने आम्हा दोघांना एकाच टोपलीत घातलं आणि प्रार्थनाघर गाठलं.

टेबलापुढे आमच्या डाव्या बाजूला भोपळा होता, उजव्या बाजूला अंडी. भोपळ्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

पास्टर देविदास टोपलीपाशी थांबले. "हे काय आणलं, खेमाभाऊ?"

"ससा. डुकरानं माझं पीक खाल्लं, रानानं हे देलं."

"रानानं देलं, का तुमी धरलं?"

"एकच झालं की, पास्टरसाहेब. देवानं सगळे जनावरं माणसाच्या हाती देले, तुमीच सांगता ना?"

"हाती देले. फासात न्हाई."

मागून म्हातारा सेवा ओरडला, "नाताळात सशाचा रस्सा दोनदा मागून घेतला, तवा न्हाई सुचलं हे!"

लोक हसले. देविदास हसले नाहीत. "व्हय, घेतला. कसा धरला, हे इचारलं न्हाई. चूक माझीबी हाय."

त्यांनी आशीर्वादाला उचललेला हात हवेतच राहिला. सशाचं काळीज मला तारेतून ऐकू येत होतं. सहा वर्षं मी इंजिन ऐकलं, पण जागच्या जागी उभं राहून एवढं जोरात पळणारं इंजिन कधी ऐकलं नव्हतं.

बायकांमधून भिकाबाई उठली. "पाय पाहा याचा, काळा पडला. आपण खाताना आभार मानतो. हे लेकरू पहाटपासून काय म्हणून राहिलं असंल?"

"मंग मी रिकाम्या हातानं उभं राहू का?" खेमाने विचारलं.

तो खाली बसला. त्याने मला सैल केलं. ससा क्षणभर तसाच बसून राहिला. मग भोपळ्याला वळसा घालून, चपलांच्या ढिगावरून लंगडत बाहेरच्या तुरीत गेला. खेमाच्या हातात मी उरलो. सवयीने त्याचा हात खिशाकडे गेला. तिथे थांबला. मग त्याने मला रिकाम्या टोपलीत ठेवलं.

"हे घ्या," तो म्हणाला. "माझ्यापाशी आता दुसरं काईच न्हाई."

देविदासांचा हात अखेर खाली आला. माझ्यावर.

नंतर रिवाजाप्रमाणे वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव झाला. भोपळ्यासाठी भांडणं झाली. मला कोणी बोली लावली नाही. खेमाने दोनदा माझ्याकडे पाहिलं. आता मी दाराजवळच्या खिळ्यावर गंजत असतो. डुकरं अजून येतात, आणि खेमा डबा वाजवत शेतात फिरतो.

मित्रांनो, जेवताना आभार जरूर माना. फक्त डोळे मिटण्याआधी एकदा ताटाकडे नीट बघा.

शेवटी सविनय अर्ज. विषय: मूळ पदावर परत घेण्याबाबत. उपरोक्त विषयान्वये विनंती की, अर्जदारास क्लच वायर या पदावर, भंगारात गेलेल्या त्याच मोटारसायकलवर, पूर्वलक्षी प्रभावाने रुजू करून घ्यावे, आणि मधल्या काळात त्याने धरलेले सर्व ससे व तितर धरलेच नव्हते, असे समजण्यात यावे.