सुकेळ्यांच्या सालींचा ड्रम

"या ड्रमच्या पोटात कायतरी काळंबेरं हाय, शेठ. याचं पानी मी हाताला लावनार नाय," गाळ्यातला कामगार नथू माझ्या अगदी कानाशी उभा राहून मालकाला पुटपुटला.

काळंबेरं! ऐकलंत, मित्रांनो? मी एक जुना निळा ड्रम आहे. सातिवलीतल्या एका गाळ्यात, मोरीजवळ, चार विटांवर उभा असतो. संशयाने बघायला नथूला मीच सापडतो.

माझा जन्म एका कारखान्याच्या गरम साच्यात झाला. पहिली वर्षं पोटात खोबरेल घेऊन हिंडलो. मग वसईला ॲनीबाईंच्या वाडीत आलो, केळींच्या सावलीत पाणी साठवायला. त्या काथ्याने माझं अंग घासायच्या, तेव्हा नातवाला न्हाऊ घालतायत असंच वाटायचं. वाडीत त्यांचा एकच कायदा: केळीचं ते केळीच्या बुंध्याशी. घड उतरला की खांब कापून तिथेच, पानं तिथेच. सुकेळ्यांसाठी, म्हणजे उन्हात वाळवायच्या केळ्यांसाठी, राजेळी केळी सोलली की सालीही तिथेच.

हा गाळा त्यांच्या मुलाचा, गॉडफ्रेचा. इथे नळाच्या तोट्यांना निकेलचा मुलामा देतात. तोट्या धुतल्या की पाणी हिरवं होतं, आणि ते गुपचूप नाल्यात जायचं. गॉडफ्रेची मुलगी जीना कॉलेजात शिकते. तिने हे पाहिलं आणि आजीकडून पोतंभर साली आणल्या. धुतल्या, कडक वाळवल्या, भरडल्या. मलाही वाडीतून उचललं. माझ्या बुडाला नळ बसवला, तळाशी खडी, वर वाळू, त्यावर साली. वरून हिरवं पाणी ओतलं, खालून बरंच नितळ आलं.

"साल पाण्यातल्या निकेलला धरून ठेवते, पप्पा," जीना म्हणाली. "पण साल भरली की तो विषारी कचरा. वेगळा ठेवायचा आणि तसला कचरा नेणाऱ्या गाडीलाच द्यायचा."

गॉडफ्रेने मान डोलावली. जरा जास्तच डोलावली, असं मला तेव्हाच वाटलं.

माझं कौतुक झालं. शेजारच्या गाळ्यांतली माणसं बघायला यायची, फोटो काढायची. इकडे भरलेल्या सालींची पोती मागच्या भिंतीशी साठत गेली. गाडी काही कोणी बोलावली नाही. एकदा ॲनीबाई आल्या आणि पोती बघून कमरेवर हात ठेवले.

"माझ्या केळीची साल, आणि तू ती इथे कुजवतोस? चढव टेम्पोत!"

गॉडफ्रे फोन कानाला लावून बाहेर गेला. नथूने पोती चढवली. तेव्हापासून प्रत्येक पोतं वाडीला जाऊ लागलं, केळींच्या बुंध्याशी.

पुढे कानावर आलं की वाडीतली पानं पिवळी पडतायत. ॲनीबाईंना संशय शेजारणीच्या नजरेचा. शेजारणीला संशय विहिरीत खारं पाणी शिरल्याचा. नथूला माझा. आणि मला गॉडफ्रेचा, कारण टेम्पो भरताना तो नेमका फोनवर बोलायला बाहेर जायचा. जीनाने विचारलं तर म्हणायचा, "गाडी नेते." कुठली गाडी, ते सांगायचा नाही.

आज ॲनीबाई वाडीतल्या केळ्यांची टोपलीभर सुकेळी घेऊन आल्या. चर्चच्या सणाला वाटायची, पण आधी गाळ्यात द्यायची, ही त्यांची रीत.

"घे, नथू."

"उपास हाय, बाय."

"उपासाला केळं चालत नाही? मला शिकवतोस?"

नथूने सुकेळं घेतलं आणि हळूच खिशात टाकलं. ॲनीबाईंनी ते पाहिलं.

"गॉडफ्रे, तू?"

"दात दुखतोय, आई."

"लहानपणी पुढचे दात पडले होते तेव्हा हिरड्यांनी चघळायचास की रे!"

कोणी हसलं नाही. ॲनीबाई एकेकाचं तोंड न्याहाळत राहिल्या. "काय झालंय तुम्हाला? घाण आहे का त्यात? बरं, मीच खाते. मग सणाला तरी वाटू ना?" त्यांनी एक सुकेळं उचललं.

मित्रांनो, मी आणि माझ्या साली घाण फक्त धरून ठेवतो. ती संपवणं आमच्या हातात नाही. आमचं कौतुक नाही केलंत तरी चालेल, पण आम्ही धरलेलं पुढे कुठे जातं, तेवढं बघत जा. तोटी माझ्या बुडाला असली तरी तोंड मला नाही. नाहीतर त्या क्षणी मीच ओरडलो असतो.

सुकेळं ओठांशी गेलं आणि गॉडफ्रेने आईचं मनगट धरलं.

"खाऊ नको, आई. त्या पोत्यांत विष होतं. मला ठाऊक होतं, आणि मी ते आपल्या वाडीत जाऊ दिलं."